उजव्या चाकातला लाल ड्रम

पहिल्या भेटीत मी वेत्लेच्या जेवणावर गाडी घातली.

मुद्दाम नाही घातली. तपासणी केंद्राने दिलेला 'नापास'चा कागद शेजारच्या सीटवर टाकून मी अर्नफिनच्या गॅरेजच्या आवारात आले, गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरायला एक पाय बाहेर टाकला. तेवढ्यात आमची व्हॅन उताराने हळूच पुढे निघाली. अगदी सावकाश, फिरायला निघालेल्या म्हातारीसारखी... आणि टायरांच्या ढिगाला जाऊन टेकली. वरचा टायर घरंगळत खाली आला. तिथे पत्र्याखाली एक मुलगा डबा उघडून बसला होता. मुलगा वाचला, डबा मात्र डबक्यात गेला.

"तपकिरी चीज होतं," डबक्याकडे बघत तो म्हणाला.

"सॉरी. हँडब्रेक लागलाच नाही."

"दिसलं." तो उठला, हात पँटला पुसले आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसला. केस पावसाने कपाळाला चिकटलेले, गालावर ग्रीसचं बोट. "किती वय?"

"अठरा."

"व्हॅनचं विचारतोय."

"एकतीस," मी म्हटलं. आणि बघते तर त्याचे कान लाल झालेले. व्हॅनइतके नाही, पण बऱ्यापैकी.

व्हॅन लाल असणारच. आम्ही रुस ना – यंदा शाळा संपवणारे. मे उजाडला की लाल पँट चढवायची ती सतरा तारखेपर्यंत धुवायची नाही, आणि गटाने मिळून एखादी जुनी व्हॅन घेऊन ती लालेलाल करायची. सतराला राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत त्याच व्हॅनमधून जायचं. ज्यांची व्हॅन नाही ते मागून चालत जातात, भिजत, पुढच्यांचा धूर खात.

आमच्या गटात आठ जणी. आणि ही व्हॅन घ्यायला लावली ती मी. दोन वर्षांपूर्वी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी, या हिवाळ्यात काय शिरलं अंगात देव जाणे, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले होते, "हीच घ्या. हिला रस्त्यावर आणायची जबाबदारी माझी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चालवणारीही मीच ठरले, कारण चालवणारीने थेंबही घ्यायचा नसतो आणि मला बिअर मोजे धुतलेल्या पाण्यासारखी लागते.

आणि आता हा कागद. मागचे ब्रेक निकामी, सोळा मेपर्यंत दुरुस्त करून पुन्हा दाखवा.

"ब्रेक ड्रम हवेत," मी आत काउंटरपाशी जाऊन आत्मविश्वासाने सांगितलं. "मागच्या चाकांचे. मोठे."

"किती मोठे?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं.

"हा पिझ्झा झाला," वेत्ले म्हणाला. तो मागच्या खोलीतून दाखवायला दोन जुने ड्रम घेऊन आला. बिडाचे जड डबे, वाडग्यासारखे. दोन्ही मला सारखेच दिसले. "तुझ्या व्हॅनला त्या वर्षी दोन मापांचे ड्रम येत होते. ओझं वाहणाऱ्या गाडीला एक, माणसं नेणाऱ्या गाडीला दुसरं. तुझी कुठली?"

"आम्ही आठ जणी आहोत. आम्हाला ओझंही म्हणतात."

तो हसला नाही, पण मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायला लागला, आणि वहीत काहीच उमटत नव्हतं कारण पेनाचं टोपण लागलेलं होतं. "मापून आण," तो म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी मापून आणलं. ड्रमच्या बाहेरून.

"बाहेरून काय कामाचं, तिरिल?" माझं नाव त्याने कागदावर वाचलं असणार. पण त्याच्या तोंडून ऐकून मला ते नवीनच वाटलं. "ब्रेक आतून लागतो. आत दोन चंद्रकोरी असतात, त्यांना ब्रेक शू म्हणतात. तू पाय दाबलास की त्या फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. म्हणून माप आतलं."

"मग आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर..." तो थांबला.

"तर काय?"

"काही नाही. मीच येऊन मापतो."

संध्याकाळी तो सायकलवरून आमच्या शाळेच्या आवारात आला. पाऊस भुरभुरत होता, व्हॅन जॅकवर चढवलेली. ओदा, माझी जिवलग मैत्रीण, खिडकीतून डोकं बाहेर काढून उलट्या ब्रशने दारावरचे थेंब पुसत बसली होती आणि कान आमच्याकडे.

वेत्लेने चाक काढलं, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी जुना ड्रम सोडवला, आत व्हर्निअर धरला. मग माझं बोट हातात घेऊन – खरंच घेऊन – आतल्या कडेवरून फिरवलं.

"ही धार लागते का? मधला भाग झिजून खोल गेलाय, म्हणून कडेला धार राहिली. आणि इथे काठावर बघ, आकडा ठोकलाय. जास्तीत जास्त एवढंच झिजायला परवानगी. हा त्याच्याही पुढे गेलाय."

"म्हणजे मर्यादा सोडली याने."

"दीड मिलिमीटरने."

"आणि तू अजून माझं बोट धरून आहेस," मी म्हणाले. त्याने ते ड्रमच्या कडेवर इतकं जपून ठेवलं, जणू कुणी विसरून गेलेली वस्तू असावी. ओदाला वर खोकल्याची उबळ आली.

"फक्त उजवाच एवढा गेलाय ना," मी विषय बदलला. "एकच नवा घेऊ."

"नाही. हे जोडीनेच बदलतात. एक नवा, एक जुना ठेवलास तर एक बाजू घट्ट धरते, दुसरी सोडून देते. ब्रेक मारला की गाडी तिरकी पळणार."

"जोडीनेच?"

"जोडीनेच," तो म्हणाला, आणि तिथून पुढे संध्याकाळभर तो फक्त नटांशी बोलला.

ड्रम यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये चार वेळा गेले. एकदा ड्रम आले का विचारायला. एकदा त्याला नवीन तपकिरी चीज द्यायला. एकदा ब्रेक शूपण बदलायचे का हे विचारायला (बदलायचे होते, आणि ते त्याने मला आधीच सांगितलेलं होतं). चौथ्यांदा का गेले, हे अर्नफिननेच विचारलं. तो साठीचा, दाढीवाला, गॅरेजचा मालक.

"आज काय हरवलं तुझं?"

"छत्री."

"तू कधी छत्री आणलीस?"

"म्हणूनच हरवली."

तो दाढीत हसला आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडला, "वेत्ले, तुझी छत्री आलीय."

चौदाला ड्रम आले. दोन बनावटींच्या जोड्या होत्या, एक स्वस्तातली, हलकी, एक जड. वेत्लेने दोन्हींतला एकेक दोरीने टांगला आणि छोट्या हातोडीने टिचकी मारली. हलक्याचा आवाज ठप् आला. जडाचा... घंटेसारखा, लांबत गेलेला.

"ऐकलंस? बीड एकसंध असलं की असं वाजतं. आत कुठे तडा असला की आवाज बसतो."

"परत वाजव."

त्याने परत वाजवला. मग मी वाजवला. मग आम्ही दोघे मान वाकडी करून तो आवाज संपेपर्यंत ऐकत उभे राहिलो, आणि तो संपल्यावरही जरा वेळ.

पंधराला शाळेच्या आवारातच जड जोडी बसवायची होती. डावीकडचा त्याने बसवला आणि मी बघितला, एकेक पायरी. जुने शू काढायचे, स्प्रिंग कुठली कुठे होती त्याचा आधी फोटो काढायचा, नवीन शू लावायचे. नव्या ड्रमला गंज चढू नये म्हणून तेल फासलेलं असतं, ते फवारा मारून पुसून काढायचं. मग ड्रम चढवायचा. हाताने फिरवला की अगदी किंचित घासल्याचा आवाज आला पाहिजे.

मग फोन आला. घाटात कुणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडला होता आणि अर्नफिनला दुसरा माणूस हवा होता.

"उजवा मी करते," मी म्हटलं.

"तू?"

"बघितलं ना सगळं. मला येतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी ठरवल्यासारखं. "बरं," म्हणाला. "चाकाचे नट मी आल्यावर आवळतो."

आणि मी केला. एकटीने. स्प्रिंग दोनदा माझ्या नाकावर उडाली, तरी केला. फक्त तेल पुसून तो राखाडी ड्रम हातात घेतला ना, तर मला त्याची दयाच आली. आमच्या व्हॅनमध्ये लाल नाही असं काही उरलं नव्हतं. चाकं लाल, बंपर लाल, राखदाणी लाल, ओदाने तर चमचेसुद्धा रंगवले होते. ही आमची पैज होती, वेत्लेलाही ठाऊक असलेली: व्हॅनमध्ये जिचं बोट लाल नसलेल्या जागेवर जाईल तिने मिरवणुकीनंतर सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं. मग डबा उघडला, ब्रश घेतला. बाहेरून दोन हात. आणि रंग उरलाच होता... म्हणून आतूनही.

गाणं म्हणत रंगवला. हेअर ड्रायरने वाळवला. चढवला.

वेत्ले परतला तेव्हा अंधारून आलं होतं. त्याने चाकामागे वाकून बाहेरचा लाल रंग बघितला आणि पहिल्यांदाच मोकळेपणी हसला. "शोभतोय," म्हणाला. त्याने नट आवळले. मी त्या रात्री सातही जणींना निरोप पाठवला, उजवं चाक मी एकटीने केलं.

सोळाला, दुपारी अडीचला, मी व्हॅन तपासणी केंद्राकडे घेऊन निघाले. वेत्ले शेजारी बसला होता, धुतलेला शर्ट घालून. संध्याकाळी पाचला त्याच्या बँडचा सराव होता. तो गावच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवतो, हे मला तेव्हा कळलं.

"एवढं मोठं वाद्य, आणि तू एवढा कमी बोलतोस."

"सगळं तिकडेच जातं," तो म्हणाला. मग भुवया आवळून, "डावीकडे ओढतेय का गं ही?"

"वारा आहे."

वारा नव्हता.

तपासणी केंद्रातली बुदिल ही आमच्या हेल्लेविक गावातली सगळ्यात कमी हसणारी बाई. तिने व्हॅनची मागची चाकं फिरत्या रुळांवर घेतली, मला ब्रेक दाबायला सांगितला आणि भिंतीवरच्या दोन काट्यांकडे बघितलं. डावा काटा टणकन वर गेला. उजवा जेमतेम जागेवरून हलला.

"पुन्हा दाब."

पुन्हा तेच.

"तिरकी पळेल ही. उद्या उतारावर पुढे पोरं असणार," बुदिल म्हणाली. मग वेत्लेकडे वळली. "हे काम तुझं?"

"हो," वेत्ले म्हणाला. एकदम. "माझं."

"जूनमध्ये कारागिरीची परीक्षा द्यायचीय ना तुला? अर्नफिन तर सांगत होता, पोराचा हात चांगला आहे. मी विचारीन त्याला, कुठला हात म्हणून."

त्याचे कान लाल नव्हते झाले. पांढरे झाले होते. आणि तो उजव्या चाकाकडे बघत राहिला, कुठे चुकलं ते डोळ्यांनी उलगडत असल्यासारखा. मी स्टिअरिंगवर बसलेली. केंद्राच्या दारात ओदा आणि बाकीच्या सहा जणी लाल पँटींमध्ये ओळीने उभ्या, मोबाइल वर धरून, पास झाल्याचं चित्रण करायला. काल रात्रीचा माझा निरोप सगळ्यांकडे होता. मी गप्प बसले असते तर ते काम त्याचंच राहिलं असतं. त्याने तसं सांगितलंही होतं.

मी खाली उतरले.

"उजवं चाक त्याने नाही केलं. मी केलं," मी म्हणाले. आवाज वर गेला, दारापर्यंत पोचला. "आणि... मी ड्रम रंगवला. आतून."

"आतून," बुदिलने शांतपणे उच्चारलं.

"दोन हात."

कुणीतरी मोबाइल खाली घेतला. वेत्लेने डोळे मिटले. मला वाटलं, आता हा चिडेल. पण त्याचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग तो चाकाच्या आधाराने खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बुदिल त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "तेवीस वर्षं इथे आहे मी," ती म्हणाली. "रुसांनी रंगवलेले आरसे बघितले, काचा बघितल्या. हे मात्र नवीन." घड्याळाकडे बोट. "चारला मी कुलूप लावते. चार वाजून एक मिनिटाने मी घरी उद्याचा केक फेटत असेन. मागे रिकामी जागा आहे, जॅक आहे."

तीन वाजायला दहा मिनिटं होती.

वेत्लेने चाक काढलं, मी ड्रम ओढला. आत रंग घासून घासून काचेसारखा झाला होता, आणि नव्या शूवर लाल सायीसारखा थर.

"तू शू घे, मी ड्रम," तो म्हणाला. "पॉलिश पेपर सरळ नको घासू. आधी असा तिरका, मग उलटा तिरका. जाळी उमटली पाहिजे."

आम्ही समोरासमोर मांडी घालून बसलो. बाहेर पाऊस, आत खरखर.

"तू का म्हणालास, माझं काम?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"नट मी आवळले. आत बघायला हवं होतं मी."

"का नाही बघितलंस?"

खरखर थांबली. "कारण तू म्हणालीस, मला येतं. आणि ते ज्या पद्धतीने म्हणालीस ना..." त्याने ड्रममध्ये फुंकर मारली, लाल भुगा त्याच्याच भुवयांवर बसला. "तसं बोलायला मला जमत नाही. मला ते बघत राहावंसं वाटतं."

आयुष्यात एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तर येत नव्हतं आणि हात वर करावासा वाटत होता.

"तुझ्या भुवया लाल झाल्यात," मी कशीबशी म्हणाले.

"पैज जिंकलो मग."

"तू व्हॅन नाहीस."

"बरं," तो म्हणाला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू राहिलंच.

फवारा मारला, पुसला, पुन्हा मारला. ड्रम आतून राखाडी, स्वच्छ, बारीक जाळीचा झाला. चढवला, फिरवला, कान लावला. किंचित घासल्याचा आवाज. चार वाजायला सहा मिनिटं असताना मी रुळांवर ब्रेक दाबला, आणि दोन्ही काटे बरोबरीने वर गेले.

बुदिलने शिक्का मारला. "बाहेरून ठेव लाल," एवढंच बोलली.

वेत्ले सरावाला पळाला. भुवया न धुताच.

सतराला सकाळी पाऊस उघडला होता, रस्ते ओले. सगळीकडे झेंडे, इस्त्रीचे कपडे, तळलेल्या सॉसेजचा वास. मिरवणुकीत पुढे शाळेची पोरं, मग बँड, मग रुसच्या व्हॅन. आणि बँडच्या मागोमाग पहिली व्हॅन आमची. माझ्या पुढच्या काचेसमोर, बँडच्या शेवटच्या रांगेत, सोनेरी ट्यूबा आणि त्याखाली वेत्लेची पाठ.

चर्चच्या उतारावर पुढे कुठल्या तरी पहिलीतल्या पोराच्या बुटाची नाडी सुटली. वर्ग थांबला. बँड थांबला, एकदम, धून अर्धवट सोडून.

मी ब्रेक दाबला.

आतल्या सात जणी एकमेकींवर आपटल्या. मागच्या रांगेतल्या वादकांनी दचकून माना वळवल्या, झांजवाला तर फुटपाथवरच उडी मारून गेला. व्हॅन थांबली. सरळ, जागच्या जागी, ट्यूबापासून हातभर अंतरावर.

वेत्लेने मागे वळूनही पाहिलं नाही. पाठ तशीच. नाडी बांधून झाली, बँड निघाला, तोही निघाला.

मिरवणूक संपल्यावर बंदरावर तो मला आइस्क्रीमच्या रांगेमागे सापडला. ट्यूबा खांद्यावर, गणवेशाची टोपी काखेत.

"तू वळून का नाही बघितलंस?" मी धापा टाकत विचारलं. "बाकी सगळ्यांनी बघितलं."

"कशाला?"

"अरे, उतार. एकतीस वर्षांची व्हॅन. आणि चालवणारी मी."

"म्हणून तर," तो म्हणाला.

समुद्रावरून गार वारा येत होता, मागे पोरं ओरडत होती.

"वेत्ले, तुला एक सांगायचंय."

"आता काय रंगवलंस?"

"काही नाही. तू मला आवडतोस. खूप. बस्, सांगून झालं."

त्याने आधी ट्यूबा ओल्या गवतावर ठेवला, सावकाश, दोन्ही हातांनी, पोचा येऊ नये म्हणून. मग टोपी त्यावर ठेवली. मग सरळ उभा राहिला. भुवयांच्या मुळाशी अजून थोडा लाल रंग होता.

"मी कालपासून वाक्य जुळवतोय," तो म्हणाला. "रात्री घोकलंही. आता त्यातला एकही शब्द..."

"राहू दे," मी म्हटलं.

त्याचे ओठ गार होते, पितळेच्या चवीचे.

धक्क्यावर बँडमास्तरने छडी वर केली, आणि सगळा बँड वाजायला लागला. पहिल्या काही मात्रा त्यात ट्यूबाच नव्हता. साऱ्या हेल्लेविकच्या लक्षात आलं, माणसं माना वळवून शोधायला लागली. ओदाला शोधावं लागलं नाही. ती व्हॅनच्या टपावर उभी राहून आमच्याकडेच बोट दाखवत होती.